सोडू नका, सोपवा

(धानोरा, जि. नंदुरबार येथील महिला बचत गटाचे रेडिओवरील भाषण)



आम्ही धानोऱ्याच्या बायका. नंदुरबार जिल्ह्यातलं आमचं गाव. गुजरातची हद्द इथून लांब नाही. अकरा जणींचा आमचा बचत गट आहे. रेडिओवरच्या ताईंनी विचारलं, "या वेळी कशावर बोलणार?" आम्ही म्हटलं, "जनावरांवर." त्यांना वाटलं शेळीपालन, नाहीतर कोंबड्या. म्हटलं, "नाही ताई. जी कुणाचीच नाहीत म्हणतात, त्या जनावरांवर बोलायचंय. गल्लीतली कुत्री, बांधावर फिरणारे म्हातारे बैल, कुणीतरी आणून सोडलेली वासरं." ताई म्हणाल्या, "त्यात बोलण्यासारखं काय?" त्यात आमचा गट मोडता मोडता राहिला, म्हणून बोलायचं. ऐका.

आमच्याकडे दिवाळी झाली की गाव अर्धं रिकामं होतं. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती पावसाळ्यात खर्चूनही झालेली असते. मग एका रात्री गाडी येते आणि माणसं ऊसतोडीला जातात. कुणी बारडोलीकडे, कुणी सुरत-नवसारीकडे. भांडी, गोधड्या, तान्ही पोरं, सगळं गाडीत चढतं. होळीला जमलं तर दोन दिवस यायचं, नाहीतर थेट आखाजीला. पाच-सहा महिने दाराला कुलूप. आमच्या गटातल्याच चौघी जातात.

गाडीत सगळं चढतं, पण कुत्रं चढत नाही. मुकादम चढू देत नाही, आणि चढवलं तरी तिकडे झोपडीत आपलंच पोट भरायची मारामार. मग कुत्रं मागे राहतं.

आमच्यातल्या एकीचा काळू असाच मागे राहिला. घराच्या नावाने भुंकणारं, पोरांच्या अंगावर लोळणारं कुत्रं. गाडी निघाली तसं ते मागे धावलं. फाट्यापर्यंत धावलं असं गाडीतल्या पोरांनी नंतर सांगितलं. सकाळी आम्ही पाहिलं, तर कुलूप लावलेल्या दारापुढे पायावर तोंड ठेवून पडलेलं. आठ दिवस ते तिथून हललं नाही. आम्ही कुणी तुकडा टाकला, कुणी नाही टाकला. प्रत्येकीला वाटलं, दुसरी टाकत असेल. नवव्या दिवशी ते दिसलं नाही. आम्हाला, खोटं कशाला बोला, बरंच वाटलं. चला, म्हटलं, गेलं कुठेतरी.

ते गेलं होतं गावाबाहेर. जिथे मेलेली ढोरं टाकतात, तिथे कुत्र्यांची टोळी असते, त्या टोळीत. तिथे खायला मिळतं, पण रोज मिळत नाही. मेलेलं ढोर मिळालं नाही की ती कुत्री जिवंताकडे वळतात. पौषात दोन करडं गेली. एक आमच्या गटाच्या कर्जातून घेतलेल्या शेळीचं होतं. माघात एका सकाळी हातपंपावर सात वर्षांच्या पोरीच्या पोटरीला कुत्रं चावलं. पोर गटातल्याच दुसरीची. आणि चावणारं कुत्रं काळू.

इथे जरा थांबून आम्ही एक गोष्ट सांगणार आहोत. ती नीट ऐका, जमलं तर लिहून घ्या. आपलं नंदुरबार मिरचीचं. आमच्यातल्या कितीतरी जणी मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला गेलेल्या. तर पोरीची आजी पहिली धावली ती तिखटाचा डबा घेऊन. कुत्रं चावलं की जखमेत तिखट भरायचं, असं तिने आयुष्यभर पाहिलेलं. दुसरी म्हणाली चुना लावा. तिसरी म्हणाली भगताकडे न्या. नशिबाने आमची आशाताई तिथे पाणी भरायला आली होती. तिने डबा बाजूला केला आणि पोरीला तिथेच हातपंपाखाली बसवलं. एक जण पंप मारतेय, दुसरी साबण लावतेय, पोर किंचाळतेय. पंधरा मिनिटं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पोरगी रडली तरी ताईने सोडलं नाही.

हे का, ते तिने आम्हाला मग समजावलं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असतो. तो जखमेतून शिरतो आणि नसांवाटे मेंदूकडे चालत जातो. वाटेत असतो तोवर त्याला अडवता येतं. मेंदूत पोचला, माणूस पाण्याला घाबरायला लागला, की मग जवळजवळ कुणीही वाचत नाही. म्हणून आधी साबण-पाणी आणि लगेच दवाखाना. तिखट, चुना, हळद, तेल काही नाही. त्याने जखम चिघळते आणि विषाणू आत जातो. जखम घट्ट बांधायचीही नाही. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, त्या भीतीने आजही माणसं जात नाहीत. ते दिवस गेले. आता दंडात देतात. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. काही ठिकाणी पाच डोस असतात, तर दवाखान्याच्या कागदावर लिहिलेल्या तारखा पाळायच्या. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेच्या आत आणि भोवती एक वेगळं इंजेक्शन देतात, इम्युनोग्लोब्युलिन नावाचं. ते छोट्या दवाखान्यात नसलं तर जिल्ह्याला पाठवतात, तिथे जायचं. एक डोस घेतला, पोर खेळायला लागलं, म्हणून पुढचे सोडायचे नाहीत. मजुरी बुडते, आम्हाला कळतं. पण सोडायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट गायी-म्हशीवाल्यांसाठी. पिसाळलेलं कुत्रं गुरालाही चावतं. मग गुराच्या तोंडातून लाळ गळते, घसा बसल्यासारखं ते हंबरतं, चारा गिळत नाही. आपल्याला वाटतं घशात काही अडकलं, आणि आपण सरळ तोंडात हात घालतो. तो हात घालू नका. आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. गुराला कुत्रं चावल्याचं दिसलं तर त्यालाही लस देता येते, ती लगेच द्यायची.

आता परत काळूकडे. आम्ही पोरीला घेऊन दवाखान्यात गेलो, तोवर इकडे माणसं काठ्या घेऊन निघाली. कुत्रं टोळीकडे पळालं नाही. ते पळत पळत आपल्या घराकडे गेलं. दाराला कुलूप. दाराला टेकून उभं राहिलं आणि तिथेच त्याला मारलं. आमच्यातल्या ज्या गावात होत्या त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. कुणी काही बोललं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रं कुठंय?" कुत्रं जिवंत असतं तर बांधून त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवता आली असती. दहा दिवस धडधाकट राहिलं तर ते चावलं तेव्हा पिसाळलेलं नव्हतं, एवढं तरी कळतं. लस तरीही लगेच सुरू करायचीच असते, पण जिवाला घोर राहत नाही. आम्ही मान खाली घालून म्हटलं, "मारलं." पोरीचे सगळे डोस झाले. पोर आज चौथीत आहे, छान आहे. पण ते अठ्ठावीस दिवस आणि त्यापुढचे कितीतरी दिवस तिच्या आईने कसे काढले, ते तिलाच माहीत. पोरीने पाणी प्यायला जरा उशीर केला तरी आईचं काळीज हलायचं.

आखाजीला गाडी परत आली. काळूची मालकीण उतरली, दाराकडे गेली आणि पहिलं विचारलं, "काळू कुठे?" तिला सांगावं लागलं. ती म्हणाली, "माझ्या दारात मारलं?" पोरीची आई म्हणाली, "माझी पोर मेली असती मग?" त्या दिवसापासून दोघी बोलेनात. एक बैठकीला आली की दुसरी उठायची. हप्ते थकले. दोन घरांत भांडण म्हणजे गावात दोन तट. आमचा गट सात वर्षांचा, पण एका कुत्र्यावरून त्याचे दोन तुकडे व्हायची वेळ आली.

आम्हीही बाजू घेतल्या. काही जणी म्हणाल्या, "टाकून गेलीच कशाला?" पण मैत्रिणींनो, हे म्हणायला आमचे हात तरी कुठे स्वच्छ होते? आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो.

आमच्याकडे ढवळ्या नावाचा बैल होता. चौदा वर्षं राबला. त्याच्या पाठीवर आमच्या दोन पोरींची लग्नं झाली असं सासूबाई म्हणायच्या. मग गावात ट्रॅक्टर आले. तासावर पैसे मोजले की नांगरणी होते. बैलाला मात्र काम असो नसो, रोज चारा लागतो. ढवळ्याचा मागचा पाय अधू झाला. बाजारात नेला तर कुणी घेईना. महाराष्ट्रात गायीची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. कायदा बरा की वाईट या वादात आम्ही शिरत नाही. आमच्या अंगणात त्याचा अर्थ एवढाच झाला, की म्हाताऱ्या बैलाचा बाजार उठला आणि म्हातारा बैल उभा राहिला.

पोळ्याला आम्ही त्याची शिंगं रंगवली, पुरणपोळी चारली, आरती ओवाळली. आणि पौषात, चारा संपत आला तेव्हा, आमच्या माणसाने रात्री त्याला नेऊन लांब जंगलाच्या कडेला सोडलं. आम्हाला ठाऊक होतं. आम्हीच कंदील धरला होता. सकाळी शेजारणीने विचारलं, "बैल कुठंय?" म्हटलं, "पाहुण्यांकडे दिला."

तिसऱ्या दिवशी पहाटे सडा टाकायला दार उघडलं, तर ढवळ्या अंगणात. आपल्या खुंट्यापाशी उभा. पाठीवर काठीचा वळ फुटून रक्त सुकलेलं. कुणाच्या तरी मक्यात शिरला असणार. अधू पायाने किती चालला, देव जाणे. सासूबाई उठल्या. आम्हाला काही बोलल्या नाहीत. तांब्या भरून आणला आणि पोळ्याला धुतो तसे त्याचे पाय धुतले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ढवळ्या त्यानंतर दोन वर्षं जगला. आमच्या खुंट्यावरच गेला. शेणखत दिलं त्याने, दुसरं काही नाही. पण दुसरं काही द्यायचं राहिलंच कुठे होतं?

सगळेच परत येत नाहीत. काही दुसऱ्यांच्या शेतात शिरतात, मार खातात. काही रात्री रस्त्यावर बसतात, आणि मोटारसायकलवालाही जातो नि गुरंही जातं. पूर्वी गावोगाव कोंडवाडा असायचा. इंग्रजांनी १८७१ साली त्याचा कायदाच केला होता. पिकात शिरलेलं गुरं कोंडवाड्यात जायचं, मालक दंड भरून सोडवायचा, कुणी आलंच नाही तर लिलाव. आता कोंडवाड्यात नेऊन काय उपयोग? म्हाताऱ्या बैलाला सोडवायला मालक येत नाही आणि लिलावात घेणारा येत नाही.

लंपीच्या वर्षी तर आम्ही आणखी पाहिलं. २०२२ सालची गोष्ट. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात सुरुवात झाली आणि बघता बघता राज्यभर पसरलं. गुरांच्या अंगावर गाठी, ताप, पायावर सूज. गुरांचे बाजार बंद झाले. तेव्हा नाल्याकाठी एक वासरू सापडलं. अंगभर गाठी, त्यावर माशा. आमच्या गावचं नव्हतं. पण गळ्याभोवती दाव्याचा वळ ताजा होता. म्हणजे दोन दिवसांपूर्वीपर्यंत ते कुणाच्या तरी दावणीला होतं. लोक म्हणाले, हात लावू नका, रोग लागेल. डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं, हा रोग माणसाला होत नाही. माशा, डास, गोचिडांमुळे तो गुराकडून गुराला जातो. म्हणजे ज्याने वासरू सोडलं, त्याने आपल्या गोठ्यातला रोग चालत दुसऱ्याच्या गोठ्यापर्यंत पाठवला.

आम्ही त्याला वेगळं बांधलं, कडुलिंबाचा धूर केला, डॉक्टरांनी सांगितलं ते दिलं. सहाव्या दिवशी ते गेलं. खोल खड्डा करून, चुना टाकून पुरलं. आणि मग कळलं, लंपीने मेलेल्या गुरांना सरकारने मदत जाहीर केली होती. गायीला तीस हजार, बैलाला पंचवीस हजार, वासराला सोळा हजार. ज्याने भीतीने सोडलं, त्याने दवाखान्याला कळवलं असतं तर वासरू कदाचित वाचलं असतं. नाही वाचलं तरी घरात सोळा हजार आले असते. सोडून त्याला काय मिळालं?

तर असे आम्ही सगळेच सोडणारे. कुत्रं सोडणारी एक, बैल सोडणारे आम्ही, वासरू सोडणारा तो कोण होता तो. आणि गट दोन तटांत बसलेला. मग एक बाई आली. ती आमच्या गटातली नव्हती, गावातलीही नव्हती.

तुम्ही पाहिलं असेल, पावसाळा सरला की आपल्या भागातून ठेलारी मेंढ्या घेऊन जातात. घोड्यावर संसार, त्यावर कोंबड्या बांधलेल्या, पुढे मेंढ्यांचा लोंढा. काळूच्या पुढच्या मार्गशीर्षातली गोष्ट. एक ठेलारीण गल्लीत आली. काखेत कोकरू, जेमतेम आठ दिवसांचं. त्याची आई मेली होती आणि पाय मुरगळला होता. कळप रोज चालणार, कोकरू चालणार कसं? आम्हाला वाटलं, विकायला आली. ती म्हणाली, "विकत नाही. सांभाळणारं घर बघतेय."

ती घरोघर फिरली. दार बघितलं, गोठा बघितला, बाईचं तोंड बघितलं. एका घरी नाही म्हणाली, कारण तिथे कुत्रं मोकळं होतं. शेवटी पोरीच्या आईच्या घरी थांबली. हो, तिच्याच, जिच्या पोरीला चावलं होतं. कोकरू तिच्या मांडीवर ठेवलं. बकरीचं दूध कापसाच्या बोळ्याने कसं पाजायचं ते दाखवलं. दिवसातून किती वेळा, पोट फुगलं तर काय करायचं, थंडीत कुठे ठेवायचं, सगळं सांगितलं. त्याच्या पायात काळा दोरा बांधला. जाताना म्हणाली, "परत येईन तेव्हा बघेन. तुझं झालं असेल तर तुझंच राहू दे." आणि वळून न बघता गेली.

त्या दिवशी बैठकीत पोरीची आई बोलली. बऱ्याच महिन्यांनी बोलली. म्हणाली, "तिलाही नेता येत नव्हतं. तीही ठेवूनच गेली. पण ती सोडून गेली नाही, सोपवून गेली." मग काळूच्या मालकिणीकडे न बघता म्हणाली, "तू मला सांगून गेली असतीस तर मी भाकरी टाकली असती. आठ दिवस तो तुझ्या दारात पडला होता, मला दिसत होता. मीही नाही टाकली." काळूची मालकीण रडायला लागली. म्हणाली, "मला वाटलं, सांगितलं तर लोक हसतील. पोरं सासूकडे ठेवून चालले आणि कुत्र्याची काळजी करते म्हणून."

हे ऐकून आम्ही सगळ्याच गप्प झालो. कारण खरंच आहे ना ते. गाव सोडताना आपण म्हातारी सासू मागे ठेवतो, शाळेतली पोरं मागे ठेवतो. पण त्यांना कुणीही नुसतं सोडून जात नाही. शेजारणीला सांगतो, दुकानात उधारी सांगतो, औषध कुठे आहे ते सांगतो. जनावराच्या बाबतीत तेवढंच करायचं राहून जातं.

गटात एक जण मात्र म्हणाली, आणि तिचं म्हणणंही आम्ही तुमच्यापासून लपवणार नाही, "माणसांचं पोट भरत नाही म्हणून तर गाव सोडतो. कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?" त्या दिवशी आम्हाला उत्तर आलं नाही. आता येतं. हे नुसत्या दयेसाठी नाही. करडू आपलं गेलं. पोर आपली चावली. पीक आपलं खाल्लं. आणि गावात मोकाट कुत्री वाढली की त्यांच्यामागे बिबट्याही येतो. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. आपण सोडलेलं फिरून आपल्याच दारात येतं. ढवळ्यासारखं.

मग आम्ही काय ठरवलं, ते सांगतो. फार मोठं नाही.

पहिलं, दसऱ्याच्या बैठकीत विचारायचं, यंदा कुणाच्या दाराला कुलूप लागणार आणि घरात कोणतं जनावर आहे. वहीत लिहायचं. प्रत्येक जनावरापुढे, ते सांभाळणाऱ्या घराचं नाव. जाणारीने जाण्याआधी पंधरा दिवस कुत्र्याला रोज त्या घरी नेऊन तिथे खाऊ घालायचं. नवं दार त्याला ओळखीचं झालं पाहिजे.

दुसरं, मूठ. प्रत्येक बैठकीला प्रत्येकीने एक मूठ धान्य आणायचं. ते सांभाळणाऱ्या घरांना वाटायचं. जाणारीनेही जमेल तेवढं धान्य ठेवायचं. फुकट सांभाळा म्हटलं तर दुसऱ्या महिन्यात कुरकूर होतेच.

तिसरं, गाडी येण्याआधी कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घ्यायची. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, मग दरवर्षी. जनावरांच्या दवाखान्यात आम्ही आधी सांगून ठेवतो, एकाच दिवशी सगळी कुत्री दोरीला बांधून नेतो. पहिल्या वर्षी गाव हसलं. म्हणे, बायकांनी कुत्र्यांची वरात काढली. दुसऱ्या वर्षी हसणाऱ्यांपैकी दोघांनी आपली कुत्री पाठवली.

चौथं, खाऊ घालण्याची जागा. अंगणवाडी, शाळा, हातपंप इथे तुकडा टाकायचा नाही. तिथे टाकला की कुत्री तिथेच बसतात आणि पोरांच्या हातातलं ओढतात. गल्लीच्या टोकाला एक जागा ठरवली आहे, तिथेच, ठरल्या वेळी. आणि मेलेलं ढोर उघड्यावर टाकायचं नाही, पुरायचं.

पाचवं अजून जमलेलं नाही, तेही सांगतो. कुत्री वर्षातून दोनदा विते, दोन महिन्यांत पिल्लं होतात. नसबंदी झाली नाही तर आपण किती मुठी आणल्या तरी पुरणार नाहीत. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना पुन्हा त्याच जागी सोडायचं, हे काम स्थानिक संस्थेचं, असं २०२३ च्या नियमांत आहे. कुत्री पकडून दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडणं हा इलाज नाही. त्यांचीही कुत्री मग आपल्याकडे येतील. आम्ही ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे. ग्रामसभेत पुन्हा विचारणार आहोत. तुमच्या गावातही द्या. एका गावाने मागितलं तर कागद फायलीत राहतो, दहा गावांनी मागितलं तर गाडी येते.

म्हाताऱ्या गुराचं सगळ्यात अवघड. त्याला मूठभर धान्य पुरत नाही. गटात आम्ही एवढंच ठरवलं, की जिच्या घरी चारा संपला तिने रात्री कंदील धरण्याआधी बैठकीत सांगायचं. आमच्यासारखं "पाहुण्यांकडे दिला" म्हणायचं नाही. कुणाकडे मक्याचा कडबा असतो, कुणाला शेणखत हवं असतं. गोशाळेत द्यायचं तर हातात दोर देऊन, कागद करून द्यायचं, फाटकाबाहेर बांधून पळायचं नाही. आणि आजारी गुरासाठी १९६२ हा फोन नंबर आहे, पशुवैद्यकीय सेवेचा. भिंतीवर लिहून ठेवा, एक नऊ सहा दोन.

कायदाही आहे बरं का. उपाशी-तहानेलं मरेल अशा जागी जनावर सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आज पन्नास रुपयांत कोंबडीचं पिल्लूही धड येत नाही. तेव्हा दंडाच्या भीतीने कुणी थांबेल असं आम्ही म्हणत नाही. शेजारणीने विचारलं तर माणूस थांबतो, हे मात्र आम्ही पाहिलं आहे.

मागच्या दिवाळीला आमच्या वहीत सात दारं होती. पाच कुत्री, एक मांजर, दोन शेळ्या आणि एक म्हातारी गाय. एक कुत्रं सांभाळणाऱ्या घरून तिसऱ्याच दिवशी पळालं, ते शेवटपर्यंत सापडलं नाही. त्याचं नाव आम्ही वहीतून खोडलं नाही. बाकीची आखाजीला आपापल्या माणसांना भेटली. काळूच्या मालकिणीने नवं पिल्लू आणलं आहे. ती तोडीला गेली तेव्हा ते कुणाकडे होतं, ठाऊक आहे? पोरीच्या आईकडे. पोर आधी त्याच्याजवळ जाईना. आखाजीला परत द्यायची वेळ आली तेव्हा मात्र तीच सोडेना.

आणि हो, ठेलारीण दुसऱ्या वर्षी आली. कोकराची मेंढी झाली होती. पायातला दोरा कधीच तुटला होता, पण बाईने तो जपून ठेवला होता. ठेलारणीने मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला, चहा घेतला आणि म्हणाली, "राहू दे." मेंढी आहे अजून.

मैत्रिणींनो, दारात अनोळखी जनावर आलं की आपल्या तोंडून पहिला शब्द येतो, "हाड!" तोही म्हणा, पोरं जवळ असतील तर म्हणायलाच हवा. पण त्यानंतर एकदा आपल्या अहिराणीत विचारा, "हाई कोनं शे?" हे कुणाचं आहे? गळ्याभोवती दाव्याचा वळ असतो, कानात बिल्ला असतो, नाहीतर कुठल्या तरी बंद दाराकडे ते सारखं बघत असतं. ते कुणाचं तरी असतं. आणि तुमच्या घरचं असेल, ठेवणं जमत नसेल, तर लाजू नका. शेजारणीला सांगा.